चाळिशीनंतर हाती आलेले वाद्य

(मंडळाच्या वर्धापनदिनी वाचून दाखविलेले भाषण)



सेक्रेटरीबाईंनी मला विषय दिला आहे तो असा, की मोठ्या वयात माणसे वाद्य का शिकू लागतात. मलाच का दिला, ते तुम्हाला ठाऊक आहे. गेली चार वर्षे आपल्या मंडळाच्या भजनात पखवाजावर मी बसते, आणि पहिल्यांदा बसले तेव्हा माझे वय ४१ होते. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. उभे राहून बोलायची सवय नाही, म्हणून लिहून आणले आहे. मागे बसलेल्यांना ऐकू आले नाही तर हात वर करावा.

या प्रश्नाला लोकांचे उत्तर तयार असते. हौस! लेकरे मोठी झाली, सुना आल्या, हाताला काम राहिले नाही, म्हणून बाई पेटी बडवायला लागली. हे उत्तर मला पटत नाही. मी ज्या ज्या बायकांना शिकताना पाहिले, त्यांच्यापैकी एकीचीही वेळ जात नाही अशी तक्रार नव्हती. उलट कोणाच्या घरी लेकीचे बाळंतपण, कोणाच्या घरी अंथरुणाला खिळलेले सासरे. वेळ जात नाही म्हणून माणूस टीव्ही लावतो, मोबाइल पाहतो, शेजारी जाऊन बसतो. बोटांना फोड येईपर्यंत तेच तेच चार बोल घोकत बसत नाही. तेव्हा कारण दुसरे काही असले पाहिजे, असे मला वाटत आले आहे.

आपल्याच मंडळातल्या एक काकू घ्या. नाव सांगत नाही. त्या समोरच बसल्या आहेत आणि मला दटावतील. त्यांचे यजमान पेटी वाजवीत. ते गेल्यावर काकूंनी पेटी कापडात बांधून कपाटावर ठेवली ती दोन वर्षे तशीच. मग कोणीतरी विकत मागायला आले. किंमत ठरवण्यासाठी पेटी दुरुस्त करणाऱ्याला बोलावले. तो म्हणाला, "काकू, विका नाही तर ठेवा, पण बंद ठेवू नका. भाता हलला नाही की घड्या कडक होतात, आत दमट हवा कोंडते आणि पितळेच्या सुरांवर कीट चढते." झाले! काकूंनी पेटी विकली नाही. रोज दिवेलागणीला खाली काढायची, भाता हलवायचा, दोन-चार पट्ट्या दाबायच्या आणि परत बांधून ठेवायची. पेटीला वारा घालते, असे त्या म्हणत. शिकायचे त्यांच्या मनातही नव्हते. पण रोज पट्ट्या दाबता दाबता एक दिवस ओळखीची चाल बोटाखाली आली. तेव्हा त्या ५८ वर्षांच्या होत्या. आज एकादशीला पेटीवर त्याच असतात.

दुसऱ्या एका वहिनींची गोष्ट गमतीची आहे. नातवासाठी कीबोर्ड घेतला, क्लासची तीन महिन्यांची फी आगाऊ भरली, आणि नातू नवव्या दिवशी क्रिकेट खेळायला पळाला. नव्याचे नऊ दिवस म्हणतात ते असे अक्षरशः! फी परत मिळेना. वहिनी हिशेबाच्या पक्क्या. त्या म्हणाल्या, फी माझी आहे, मीच जाऊन बसते. क्लासवाल्यांनी आधी नाक मुरडले, हा लहान मुलांचा वर्ग आहे म्हणाले. मग बसू दिले. आठ-नऊ वर्षांच्या पोरांच्या रांगेत ६२ वर्षांच्या आजीबाई मांडी घालून बसलेल्या मी डोळ्यांनी पाहिल्या आहेत. नातवाला अजून काही येत नाही. वहिनींना येते.

आता तुम्ही म्हणाल, हे तर सगळे योगायोग. एकीच्या घरी पेटी पडून होती, दुसरीची फी वाया जात होती. मलाही आधी तसेच वाटे. पण माझ्या भाच्याने मला काही गोष्टी सांगितल्या, तेव्हापासून मी याच्याकडे निराळ्या नजरेने पाहू लागले.

हा भाचा म्हणजे माझ्या लातूरच्या बहिणीचा मुलगा. पुण्याला इंजिनिअरिंग शिकतो, आणि चार मित्र मिळून त्यांचा बँड आहे. मागे दिवाळीला आला तो पाठीवर माणसाएवढी पिशवी घेऊन. आतून गिटार निघाली. पण नेहमीच्या गिटारीला सहा तारा असतात, हिला चारच, आणि त्या सुतळीसारख्या जाड. बास गिटार म्हणतात तिला. त्याने ती पेटीला जोडून वाजवली, तर सूर असा ऐकूच येईना. मांडणीवरची ताटे मात्र थरथरायला लागली. बहीण म्हणाली, "अरे, हे कसले वाद्य? यात गाणे कुठे आहे?"

तो हसला. त्याने मोबाइलवर सिनेमाचे एक गाणे लावले आणि मला म्हणाला, "मावशी, गाणारीकडे लक्ष देऊ नको, सगळ्यांत खाली काय वाजते ते ऐक." मग त्याने कसलीशी कळ फिरवून तेवढा खालचा आवाज काढून टाकला आणि तेच गाणे पुन्हा लावले. गाणे तेच, गाणारी तीच, पण आमटीत डाळ घालायची राहिली असे वाटले. सगळा मसाला वर, खाली नुसते पाणी.

मी म्हणाले, "अरे, हा तर आमच्या पखवाजाचा डावा हात!" गोंधळ्याची संबळ पाहा, तिच्यातही एक लहान आणि एक मोठे अशी दोन तोंडे असतात. लहान कडकडते, मोठे घुमते. तबल्याशेजारी डग्गा असतो तोही याचसाठी. आपल्याकडे हा खालचा आवाज पहिल्यापासून आहे, पण त्याच्याकडे कान देऊन कोणी ऐकत नाही. मी स्वतः रोज गुरुद्वाऱ्याच्या रस्त्याने भाजीला जाते. हुजूर साहिबाचे कीर्तन इतकी वर्षे कानावर पडत होते, पण मला आठवते ती नेहमी गाणाऱ्यांची चाल. त्या दिवाळीनंतर मी तिथून जाताना डग्गा ऐकू लागले, आणि आता मला आधी तोच ऐकू येतो.

तर भाच्याने सांगितले ते असे. ही बास गिटार काही फार जुनी नाही. त्याआधी गोऱ्या लोकांच्या वाद्यवृंदात खालच्या आवाजासाठी माणसाच्या उंचीचे एक मोठे लाकडी वाद्य असे. ते उभ्याने वाजवावे लागे, गावोगाव न्यायला अवघड, आणि बाकीची वाद्ये जोरात वाजू लागली की त्याचा आवाज बुडून जाई. १९५१ साली अमेरिकेत लिओ फेंडर नावाच्या कारागिराने तेच काम करणारी, गळ्यात अडकवता येईल अशी विजेवरची गिटार बाजारात आणली. गंमत अशी की या फेंडरला स्वतःला गिटार वाजवता येत नव्हती. तो रेडिओ दुरुस्त करणारा माणूस.

पण मला त्याहून महत्त्वाचे वाटले ते पुढचे. ही गिटार वाजवणारे जे मोठमोठे लोक झाले, त्यांच्यातले कितीतरी ती शिकायला म्हणून गेलेच नव्हते. इंग्लंडचा बीटल्स नावाचा बँड जगभर गाजला. त्यांच्यात बास वाजवणारा मुलगा चित्रकलेसाठी १९६१ साली बाहेर पडला. त्याची जागा घ्यायला बाकी कोणाला उत्साह नव्हता. शेवटी पॉल मॅकार्टनीने ती उचलली, आणि पुढे जन्मभर तेच वाद्य त्याच्या नावाशी जोडले गेले. अमेरिकेतल्या कॅरल के या बाईंचीही तशीच गोष्ट. लेकराबाळांची आई, पोटासाठी साधी गिटार वाजवणारी. १९६३ साली एका ध्वनिमुद्रणाला बासवाला आलाच नाही. सगळे खोळंबले. बाईंनी ते वाद्य घेतले आणि वेळ भागवली. त्यानंतर हजारो गाण्यांत त्यांनी बास वाजवली. ही दोघेही तेव्हा तरुण होती, उतारवयाची नव्हती, हे मला कळते. मी सांगते आहे ते कारणाविषयी. जागा रिकामी पडली, ती ज्याला सोसवली नाही तो तिथे जाऊन बसला.

आणि उतारवयाचेही उदाहरण त्याच्याच जवळ निघाले. पुण्यात ही मुले ज्या इमारतीत सराव करतात, तिच्या खालच्या मजल्यावर बँकेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ राहतात. दर रविवारी ते वर येऊन भांडत. "तुमचे ते घूं घूं बंद करा, माझ्या छताला हादरे बसतात." पुढे बास वाजवणाऱ्या मुलाला हैदराबादला नोकरी लागली आणि तो गेला. मुले त्याच्याशिवायच वाजवू लागली. दोन-तीन रविवार गेले आणि गृहस्थ पुन्हा वर आले. मुलांना वाटले, आता काय! तर ते विचारतात, "ते घूं घूं कुठे गेले? आता तुमचे गाणे नुसते वरवर ऐकू येते." मुलांनी सहज म्हटले, काका, तुम्हीच वाजवा. त्या गृहस्थांनी पुढच्याच महिन्यात गिटार विकत आणली. त्यांचे वय साठ. पुढे माझा भाचाही त्यांच्याकडूनच हे वाद्य शिकला, म्हणून तर ही गोष्ट मला कळली.

यात शरीराचाही काही भाग असेल. म्हातारपणी कान जातात ते सगळे एकदम नाही. आधी बारीक, उंच आवाज ऐकू येईनासे होतात, खालचे जाड आवाज पुष्कळ काळ राहतात. आमच्या आत्याबाईंना, म्हणजे सासूबाईंना, दाराची घंटी ऐकू येत नसे, पण गल्लीतून ट्रॅक्टर गेला की लगेच विचारीत, कोणाचा गं? असो.

आता आपल्या मंडळाकडे येते. आपल्या भजनाला पखवाज वाजवायला बुवा येत असत. पंधरा वर्षे आले. पाऊस असो, ऊन असो, चार वाजता बुवांची सायकल दारात लागलेली असे. पुढे त्यांच्या उजव्या हाताला कंप सुटला आणि त्यांनी येणे थांबवले. आपण दुसरा माणूस शोधला. एक-दोघे आले. कोणी पैसे फार सांगितले, कोणी एकादशीलाच दुसरीकडे जाई, कारण एकादशीला त्यालाही चार बोलावणी असतात. पंचवीस बायका टाळ घेऊन बसलेल्या आणि रस्त्याकडे डोळे. कितीदा तरी तो आला नाही म्हणून भजन हरिपाठावर आटोपते घेतले. तुम्हाला आठवत असेल.

मग कोणीतरी मोबाइलवरचा ठेका काढला. पखवाज वाजतो, अगदी स्पष्ट, न थकता. दोन एकादशा तो चालवून पाहिला. अडचण अशी की मोबाइल थांबत नाही. आपल्यातल्या वयस्कर काकू ओळ संपता संपता दम घेतात, मध्येच कोणाला खोकला येतो. बुवा होते तेव्हा त्यांना ते कळे, ते बोल जरा लांबवीत, हाताने सांभाळून घेत. मोबाइल आपला पुढे निघून जाई आणि आपण मागून धावत. ज्या काकूंनी चाळीस वर्षे भजन म्हटले, त्या तिसऱ्या एकादशीला गप्प बसून राहिल्या. मला ते पाहवले नाही. त्याच आठवड्यात मी बुवांच्या घरी गेले.

इथे एक जुनी गोष्ट सांगावी लागते, कारण तिच्यावाचून माझे जाणे कळणार नाही. माझे माहेर औसा तालुक्यातले, किल्लारीच्या जवळचे. गावात आमचे चुलते मृदंग वाजवीत. आम्ही त्यांना तात्या म्हणत असू. १९९३ साली अनंत चतुर्दशीला गणपती बोळवून गाव थकून झोपले होते. ३० सप्टेंबरच्या पहाटे, चार वाजायला थोडी मिनिटे असताना, भूकंप झाला. आमच्या भागातली घरे दगड-मातीच्या रुंद भिंतींची आणि वर मातीचे जड माळवद. उन्हाळ्यात थंडगार म्हणून आम्हाला त्यांचे कौतुक. ती माळवदेच अंगावर आली. लातूर आणि तेव्हाचा उस्मानाबाद, म्हणजे आताचा धाराशिव, हे दोन जिल्हे मिळून आठ हजारांच्या आसपास माणसे गेली. तात्या त्यात गेले. मी १३ वर्षांची होते. सातवी पास होऊन नुकतीच आठवीत बसले होते, ती शाळा तिथेच थांबली.

पुढे आम्ही पत्र्याच्या शेडमध्ये राहत होतो. कार्तिकी एकादशीला उरलेल्या माणसांनी भजन लावले. वीणा सापडली होती, टाळ कोणाकोणाकडे होते. मृदंग नव्हता, आणि असता तरी वाजवणारा नव्हता. मला त्या रात्रीचे टाळ अजून ऐकू येतात. नुसते टाळ म्हणजे पत्र्यावर पडणारा पाऊस. म्हणणारी माणसे मोठ्याने म्हणत होती, पण आवाज जमिनीला टेकत नव्हता. नवे गाव वसले, नवे मंदिर झाले, तरी पुष्कळ वर्षे तात्यांच्या जागी कोणी बसले नाही. पुरुषांना वाटे, कोणीतरी पोरगा शिकेल. पोरगे कामाला लातूरला, पुण्याला गेले. आम्ही मुली तिथेच होतो. पण आम्हाला कोणी म्हटले नाही, आणि आम्हालाही सुचले नाही.

बुवांच्या घरी गेले तेव्हा मी त्यांना एवढेच म्हणाले, "तुम्हाला वाजवता येत नाही, पण सांगता येईल ना?" बुवा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "बाईमाणसाने पखवाजावर बसू नये असे कुठे लिहिलेले नाही. पण बसलेले मी कुणाला पाहिलेले नाही." मी म्हणाले, मीही नाही पाहिले. (पुढे मला कळले, की मुंबईच्या आबान मिस्त्री या पारशी बाईंनी कितीतरी वर्षांपूर्वी एकट्या तबल्याचे कार्यक्रम केले होते. पण आपल्या गल्लीत ते कोण सांगणार?)

आणि भगिनींनो, शिकताना मला पहिला धक्का बसला तो कणकेचा! पखवाजाच्या उजव्या तोंडावर काळी शाई कायमची असते, पण डाव्या तोंडावर दर वेळी ताजी कणीक थापावी लागते. कणकेमुळेच तो आवाज खाली उतरतो आणि घुमतो. कणीक जास्त झाली तर आवाज बसका, कमी झाली तर पोकळ. ती पोळीच्या कणकेपेक्षा सैल हवी, पुरणपोळीच्या कणकेच्या जवळपास, तेलाचा थेंब नको. आपल्या नांदेडच्या एप्रिल-मे महिन्यात ती भजन संपेपर्यंत ओली राहत नाही, मध्येच ओले बोट फिरवावे लागते. भजन झाले की खरवडून काढायची, नाही तर वाळून कातड्याला ओढ बसते. हे सगळे बुवा मला समजावून सांगू लागले तेव्हा स्वयंपाकघरातून त्यांच्या घरच्या काकू म्हणाल्या, "तिला काय सांगता? पन्नास वर्षे कणीक मी मळून दिली." खरे आहे. पिढ्यान्‌पिढ्या कणीक बायकांनी मळली आणि वाजवायला मात्र बसलो नाही.

पहिले दोन महिने नुसता डावा हात. घे, घे, घे. माझे मिस्टर म्हणत, घरात गिरणी घातली की काय. भजनी ठेका न अडखळता चालायला सात महिने लागले. वयामुळे बोटे उशिरा वळतात, हे खरे. पण एक गोष्ट पोरांपेक्षा बाईला लवकर येते, आणि ती म्हणजे दुसऱ्याकडे लक्ष ठेवून काम करणे. दूध चुलीवर, लेकरू पाळण्यात, पाहुणा ओसरीवर, आणि हात कणकेत, असे आपण वर्षानुवर्षे केलेले असते. पखवाजावर तेच करायचे असते. हात आपले चालवायचे आणि कान काकूंच्या दमाकडे ठेवायचे. बुवा म्हणत, हे शिकवायला मला पोरांना तीन वर्षे लागतात.

आणखी एक अडचण आली ती सुराची. बायकांचा सूर काळी चार, काळी पाच असा चढा. बुवांचा पखवाज पुरुषांच्या काळी एकचा. तो आपल्या सुराला आणण्यासाठी वाद्या ओढत गेले तर पुडी फाटायची. तोंड जितके लहान तितका सूर चढा, म्हणून बायकांसाठी लहान तोंडाचा पखवाज निराळा घ्यावा लागला. त्याचे पैसे आपण भिशीतून उभे केले. म्हणजे ते वाद्य माझे नाही, मंडळाचे आहे, हेही या निमित्ताने सांगून ठेवते.

सगळ्यांना हे रुचले असे नाही. चामड्याच्या वाद्याला बायकांनी हात लावू नये, विटाळ-चांडाळ पाळणार कसा, असे म्हणणाऱ्या आपल्यातच होत्या. दोघी काही महिने भजनाला आल्या नाहीत. एक परत आल्या, दुसऱ्या अजून येत नाहीत, आणि त्यांचा आवाज आपल्यात सर्वांत गोड होता. मी त्यांच्याकडे दोनदा जाऊन आले. त्यांच्या श्रद्धेला मी नावे ठेवत नाही. पण जनाबाईंचे गंगाखेड आपल्यापासून काही फार लांब नाही. त्यांचे अभंग आपण म्हणायचे, आणि ते म्हणायला पुरुष वेळेवर आला नाही म्हणून घरी जायचे, हे मला आता जमत नाही.

बाहेरच्या जगातही आता हे चालू झाले आहे. अमेरिकेत रॉचेस्टर शहरी ईस्टमन संगीत विद्यालयातले प्राध्यापक रॉय अर्न्स्ट यांनी १९९१ साली उतारवयाच्या माणसांसाठी एक बँड काढला. वाद्याला जन्मात हात न लावलेल्यांनाही त्यात घेत. तसे बँड पुढे गावोगाव निघाले, कॅनडातही निघाले. मला त्यातली खुबी ही वाटते, की त्यांनी म्हाताऱ्या माणसांना एकेकटे बसवून शिकवले नाही. पहिल्यापासून घोळक्यात बसवले. घोळक्यात प्रत्येकाची वाट पाहिली जाते. आपण गेलो नाही तर एक आवाज कमी पडणार आहे, हे माहीत असले की गुडघे दुखत असले तरी माणूस जिना चढतो. आपल्याकडे परीक्षाही देता येतात. विष्णु दिगंबर पलुसकरांनी १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले, त्या परंपरेतल्या अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षांना वयाची वरची मर्यादा नाही. कीबोर्डवाल्या वहिनींनी आता पेटीच्या 'प्रारंभिक'चा फॉर्म भरला आहे. नातू त्यांना सोडायला जाणार आहे.

मी परीक्षा देणार का, असे पुष्कळजणी विचारतात. तूर्त नाही. मला एकादशी चुकवायची नाही, एवढेच माझे ध्येय. बुवा आता येतात ते रिक्षाने, आणि माझ्या डाव्या बाजूला खुर्चीवर बसतात. हात थरथरत असतो, पण मान ठेक्यावर बरोबर हलते. त्यांची मान थांबली की मला कळते.

आता कामाचे दोन शब्द, सेक्रेटरीबाईंच्या परवानगीने. दर गुरुवारी दुपारी चार वाजता मंडळाच्या खोलीत पखवाज शिकवतो, म्हणजे बुवा सांगतात आणि मी करून दाखवते. फी नाही. सध्या तिघी येतात, त्यांतल्या एकीचे वय ६७ आहे. माझे मनगट अलीकडे दुखते, आणि पुढल्या वर्षी मुलीच्या बाळंतपणाला मला तीन महिने लातूरला जावे लागणार आहे. तोवर आषाढी आणि कार्तिकी दोन्हीला बसू शकेल अशी एक तरी बाई तयार व्हायला पाहिजे. आपल्या वीणेकरी काकू परवा मुलाकडे नागपूरला गेल्या, त्यांचीही जागा रिकामी आहे. ज्यांना यायचे असेल त्यांनी नाव आजच वहीत लिहावे. कणीक ज्याची त्याने घरून आणावी, सैल मळून, तेल न लावता.